अक्काचा डावा डोळा

आपला उजवा डोळा गेलाय हे अक्काला कळलं ते मिरचीच्या एका बीमुळे.

दोंडाईच्याला गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या आहेत. पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मोकळं रान. दिवाळीनंतरचे चार महिने तिथं जमीन म्हणून दिसत नाही. माझी थोरली बहीण, जिला मी आणि सगळी गल्ली अक्काच म्हणतो, त्या पथारीवर तीस-बत्तीस वर्षं कामाला होती. आधी देठ खुडायला, मग मिरची उलथायला, आणि शेवटची पंधरा वर्षं बायांची मुकादम म्हणून. ढीग लांबून बघून ती सांगायची की हा अजून दोन दिवस ऊन खाईल, हा आज भरा, ह्यात डागी माल फार आहे. तिनं मान हलवल्याशिवाय गोणीचं तोंड शिवलं जात नसे.

त्या दिवशी वारा होता. एक बी उडालं आणि तिच्या डाव्या डोळ्यात गेलं. पथारीवर असं रोज कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यात जातंच. तिनं डोळा गच्च मिटून पदरानं दाबून धरला, आणि समोरची मिरची दिसेनाशी झाली. बाया दिसेनात, आभाळ दिसेना. राहिला नुसता करडा धूर. तिला वाटलं, आपण दोन्ही डोळे मिटलेत. तिनं उजव्या डोळ्याला बोट लावून पाहिलं, तर तो टक्क उघडा होता.

हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. डोळा धुतला आणि कामाला लागली. मला सांगितलं तेसुद्धा आठ-नऊ महिन्यांनी, फोनवर, दुसरंच काही बोलता बोलता.

"उजवा डोयामा मोतीबिंदू व्हयना वाटस."

मी धुळ्याला हायस्कुलात गणित शिकवते. शाळेत शिकवून शिकवून माझी बोली पुस्तकी झाली. अक्का माझ्याशी अहिराणीत बोलते, मी तिच्याशी ही अशी बोलते, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नाही. त्या दिवशी माझ्यासमोर दहावीच्या सराव परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा होता. मी म्हटलं, "पिकू दे अक्का. कच्चा काढत नाहीत. पिकला की पुढच्या थंडीत करून टाकू."

हे मी कुणाकडून ऐकलं होतं, आठवत नाही. आपल्याकडे सगळेच म्हणतात. पण ते अक्काला मी सांगितलं होतं, म्हणून इथे जसंच्या तसं लिहून ठेवते आहे.

मी तिसरीत असताना आई गेली. अक्का तेव्हा एकोणीस वर्षांची. तिचं लग्न झालेलं होतं, पण नवरा वर्षाच्या आतच तापानं गेला आणि ती माघारी आली. पुन्हा लग्नाचं कुणी काढलं की ती माझ्याकडे बोट दाखवायची. मला वाढवलं ते तिनंच. पथारीवरून आली की ती हाताला आधी गोडं तेल चोळायची, मग राख, मग साबण, आणि एवढं करूनही माझी वेणी घालताना मानेला आग व्हायची. मी ओरडायचे. ती म्हणायची, "उगी राहा." माझं डी.एड., नंतरचं बी.एड., सगळं त्या हातांवर झालं.

फोननंतरच्या थंडीत ती आठ दिवसांसाठी माझ्याकडे आली. पहिल्याच सकाळी मी चहाचा कप तिच्या उजव्या हाताशी ठेवला आणि ती कपाची वाट बघत बसून राहिली. "घे ना," म्हटल्यावर तिनं मान वळवली, तेव्हा कुठे कप तिला दिसला. अंघोळ करून आली तेव्हा तिच्या उजव्या दंडावर निळे-हिरवे डाग होते, काही जुने, काही ताजे.

"हे काय गं?"

"गोणी लागनी."

दुपारी ती माझ्यादेखत स्वयंपाकघराच्या चौकटीला धडकली. नेमका तोच दंड. चौकटीवर ती चिडली, जणू चौकटच आडवी आली होती. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तिला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले.

डॉक्टरबाई माझ्याहून बऱ्याच लहान होत्या, पण घाई करत नव्हत्या. त्यांनी विचारलं, "डोळ्यातून पाणी येणं, चुरचुरणं, हे कधीपासून?"

"मिरचीनं काम शे बाई," अक्का म्हणाली. "डोयाले पानी तं रोजनंच."

डोळ्यांचा दाब मोजला. बाहुली मोठी करायचे थेंब घातले, तासभर बसवलं, मग भिंगातून बराच वेळ आत पाहिलं. पाहून झाल्यावर त्या अक्काकडे न बघता आधी कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या. वर्गात वाईट मार्क वाचून दाखवायच्या आधी मीही असाच वेळ काढते, म्हणून मला ते ओळखू आलं.

"दोन वेगळे आजार आहेत," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्यातला दाब मागच्या नसेवर येतो आणि नस हळूहळू सुकत जाते. ती बदलता येत नाही. यांच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू आहे, आणि नस संपल्यात जमा आहे. डाव्यातही आहे. त्यात थोडं शिल्लक आहे, पण त्याच्यावर आता मोतीबिंदूही धरलाय."

"आम्ही पिकायची वाट बघत होतो," मी म्हटलं.

"काचबिंदू पिकत नाही, मॅडम. तो पुढे सरकत राहतो. दुखत नाही, लाल होत नाही. आधी कडेचं जातं आणि मधलं शेवटपर्यंत राहतं, म्हणून माणसाला वाटतं की सगळं दिसतंय."

मग एक तपासणी झाली. पांढऱ्या टोपल्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची, आणि कडेला कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभी होते. मला उजेड चमकताना दिसत होते, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. अक्काचा अंगठा बटणावर तयारीत होता, पण तो हलत नव्हता. मध्येच एकदा टिक वाजलं, मग पुन्हा बराच वेळ काही नाही. मला वाटलं, पुढे वाकून तिचा अंगठा आपणच दाबावा.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "नापास ना मी?"

मी तिचा हात धरून तिला बाकावर बसवलं.

थेंब सुरू झाले. एक सकाळ-संध्याकाळ, दुसरा फक्त झोपताना. माझ्याकडे राहा म्हटलं, तर तिनं ऐकलं नाही. दोंडाईच्याचं तिचं घर स्टेशनपासून जवळ आहे. सकाळच्या गाडीचा भोंगा झाला की एक थेंब, संध्याकाळच्या गाडीला तोच पुन्हा, असं तिनं आपलं वेळापत्रक लावलं. गाडी उशिरा आली की थेंबही उशिरा, म्हणून मी रागावले, तेव्हा तिनं मोबाईलवर गजर लावून घेतला. एकही थेंब तिनं चुकवला नाही. दाब उतरलाही. पण पावसाळा संपता संपता मोतीबिंदू झपाट्यानं वाढला. फोनवर बोलताना ती आता कुणाचंही वर्णन करेनाशी झाली. आधी सांगायची, अमकी आली होती, वाळली आहे, तमकीनं नवं लुगडं घेतलंय. आता सांगायची ते फक्त आवाजांचं.

त्या थंडीत मी तिला पुन्हा धुळ्याला आणलं. तपासणी झाली. अक्का बाहेर बाकावर डोळे मिटून बसली होती. डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं.

"दोन थेंब चालू असूनही दाब परत चढतोय. मोतीबिंदू काढू, आणि त्याच वेळी डोळ्यातलं पाणी बाहेर उतरायला एक छोटी वाट करून देऊ. पण तुम्ही नीट समजून घ्या. त्यांच्याकडे दिसायची एक लहानशी खिडकी उरलीय, आणि तिच्यावर मळ साचलाय. मी मळ पुसू शकते. खिडकी मोठी करू शकत नाही."

"आणि धोका?"

"इतकी थकलेली नस क्वचित ऑपरेशनचा ताण सोसत नाही. उरलेलं तेही जातं. क्वचितच, पण जातं. त्यांना हा एकच डोळा आहे, म्हणून मला हे सांगायलाच हवं. घरी त्यांना सगळं समजावून सांगा. परवा सहीला या, तेव्हा मीही बोलेन."

रिक्षात अक्कानं विचारलं, "काय म्हने डॉक्टरीन?"

"ऑपरेशन करू म्हणाल्या. झालं की दिसेल."

"बठ्ठं?"

तिचं तोंड माझ्याकडे होतं, पण नजर माझ्या कानाजवळ कुठेतरी लागली होती. थेंबांनी बाहुल्या मोठ्या झालेल्या होत्या. बारा वर्षांच्या मुलीसारखी ती विचारत होती.

"बठ्ठं," मी तिच्याच शब्दात म्हणाले. सगळं दिसेल.

पुढचे दोन दिवस ती आनंदात होती. थंडी संपायच्या आत पथारीवर परत जायचं, कुणाला कोणत्या कामावर लावायचं, हे ती मला सांगत होती आणि मी पोळ्या लाटत हूं हूं करत होते. सांगायचं मी दोनदा ठरवलं. दोनदा तिच्याजवळ जाऊन बसले आणि दुसरंच काही बोलून उठले. ती नको म्हणेल अशी भीती होती, हे खरं. पण त्याहूनही खरं हे की ते ऐकताना तिचं तोंड कसं होईल, ते मला बघायचं नव्हतं.

सहीच्या दिवशी डॉक्टरबाईंनी कागद पुढे केला आणि सहज विचारलं, "बहिणीनं सगळं सांगितलंय ना? जे दिसणं गेलं ते परत येत नाही, ते?"

अक्कानं माझ्याकडे वळून पाहिलं. तिला आता कुणाकडे बघायचं तर अख्खी मान वळवावी लागे, म्हणून ते वळणं फार सावकाश झालं. मग ती पुन्हा समोर वळली.

"नही," ती म्हणाली. "आते तुम्ही सांगा."

डॉक्टरबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. नस, खिडकी, मळ, धोका. अक्का हात मांडीवर ठेवून ऐकत होती. शेवटी तिनं दोनच प्रश्न विचारले.

"नही करं तं?"

"मोतीबिंदू वाढत जाईल. आणखी काही महिन्यांनी उजेड आणि अंधार एवढंच कळेल. दाब चढता राहिला तर नसही जाईल."

"आनि करं, आनि बिघडनं तं?"

"तर तेच. पण लगेच."

"माले दोन दिन द्या," अक्का म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोंडाईच्याला जायचं ठरवलं. मी येते म्हटलं, तर हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. शिंदखेड्यावरून जाणाऱ्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. शिंदखेडा स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली. भुईमुगाच्या शेंगा विकणारी बाई खिडकीखालून ओरडत होती. तेव्हा अक्का सरळ पुढे बघत म्हणाली, "तू माले कधीच खोटं नही बोलनी. परीक्षामा नापास व्हयनी तेबी सांगं व्हतं."

"तू ऑपरेशनला नको म्हणाली असतीस."

"म्हनतू का नही, ते मी ठरावसू. डोया मना शे."

गाडी सुटली.

पथारीवर गेलो तेव्हा ऊन चढलं होतं. कडेपर्यंत लाल पसरलेलं. मला ठसका लागला, तिला लागला नाही. बाया उठून आल्या, अक्का उनी, अक्का उनी, असा एकच गलका झाला. ती प्रत्येकीला आवाजावरून ओळखत होती, आणि ओळखत होती म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसावं की तिला कुणीच दिसत नाही. मग ती एका ढिगाशी बसली. मूठभर मिरच्या उचलल्या, डोळ्यांजवळ नेल्या, उन्हात धरल्या, पुन्हा जवळ नेल्या.

"कसा रंग शे हाऊ?" तिनं मला हळूच विचारलं.

"लाल."

"लाल तं बठ्ठाच ऱ्हास. कसा लाल?"

मला सांगता येईना. मी मिरच्या हातात घेतल्या. गडद होत्या, थोड्या काळपट, एखादी उजळ. मला त्यांच्यात काय बघायचं असतं, ते माहीतच नव्हतं. जिच्या डोळ्यांवर मी शिकले, ती तीस वर्षं काय बघत आली हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. तिनं माझ्या हातातली एक मिरची घेऊन कानाशी हलवली. आत बिया खुळखुळल्या.

"आवाज भारी शे," ती म्हणाली आणि मिरची ढिगावर टाकली.

परतीच्या गाडीत बसल्याबसल्या तिनं सांगितलं, "करी टाकू."

ऑपरेशन सकाळी होतं. तिच्या डाव्या भुवईवर पट्टी चिकटवून खूण केली होती, तरी तिनं तिथल्या सिस्टरला दोनदा विचारलं, "डावाच ना?" हिरव्या गाऊनमध्ये, हिरव्या टोपीत ती फार लहान दिसत होती. आत जाताना तिनं हातातल्या बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या. मी त्या ओच्यात घेऊन बसले. तास होऊन गेला, त्यावर आणखी बराच वेळ झाला. समोरच्या भिंतीवर डोळ्याचं चित्र होतं, आडवा कापलेला डोळा, प्रत्येक भागाला नाव. आकृत्या काढण्यात माझं आयुष्य गेलं, पण त्या चित्राकडे मला बघवेना.

डोळ्यावर जाड पट्टी घेऊन ती बाहेर आली. पूर्ण शुद्धीत होती. "दुखलं का?" म्हटलं तर म्हणाली, "नही. पानीमा रंग सोडेत तसं दिसे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डॉक्टरबाईंनी तिच्यासमोर दोन बोटं धरली.

"किती?"

अक्कानं बराच वेळ बघितलं. "हालस काहीतरी," ती म्हणाली.

ऑपरेशनच्या आधी तिला बोटं मोजता येत होती.

डॉक्टरबाईंनी दाब पाहिला, आत पाहिलं. नवीन वाट चालू झाली आहे, दाब खूपच खाली आला आहे, त्यामुळे धूसर दिसणार, थांबावं लागेल, असं त्या म्हणाल्या. मी दाराशी त्यांना गाठून हळू आवाजात विचारलं, "नस?"

"आज सांगता येत नाही."

ते दिवस मी मोजले. दिवसभर दर दोन तासांनी थेंब, दोन वेगवेगळ्या बाटल्या, मध्ये पाच मिनिटांचं अंतर. झोपताना डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी. वाकायचं नाही, खोकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. रोज सकाळी मी तिच्यासमोर उभी राहून विचारायचे, "काही?" आणि ती म्हणायची, "तसंच." पाचव्या दिवशी मी विचारणं सोडून दिलं.

सहाव्या दिवशी दुपारी थेंब घालून झाले. ती डोळा मिटून पडली होती. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, पिकू दे असं मीच तुला फोनवर सांगितलं होतं. मी तेव्हाच आणलं असतं तर एवढं गेलं नसतं."

तिनं मिटलेला डोळा उघडला नाही.

"तू सांगं म्हनीसन नही थांबनू वं मी," ती म्हणाली. "तुना पहिले धा जननी तेच सांगं व्हतं. माले भेव वाटे. डोया दखाडा तं पथारी सुटी जाई."

मी रडत होते, ते तिला दिसत नव्हतं, पण ऐकू येत असणार. तिनं हात लांबवून चाचपला. माझं डोकं सापडल्यावर तो तिथेच ठेवला. मला हलकं वाटलं असं म्हणता येणार नाही. तिनं माफ केलं म्हणून माझं वाक्य पुसलं गेलं नाही. पण त्या दिवसापासून आम्ही एकमेकींशी पुन्हा पूर्वीसारखं बोलू लागलो.

दहाव्या दिवशी सकाळी मी तिला चहा द्यायला वाकले. खिडकीतून ऊन आत आलेलं होतं. तिनं कप घेतला नाही. माझ्याकडेच बघत राहिली.

"तुना केस पिकी गयात वं," ती म्हणाली.

माझे केस पिकून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी कप खाली ठेवला. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सावकाश डोळा फिरवत सगळा पाहिला. कपाळ, मग नाक, मग हनुवटी, एकेक. तिला तो एकदम दिसत नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. मला फक्त आनंद झाला होता.

दिवसभर ती घरातल्या वस्तू बघत हिंडली. भिंतीवरचं कॅलेंडर, डब्यांवरची अक्षरं, कुंडीतली तुळस. रंगांचं तिला फार नवल वाटलं. "इतलं निळं व्हतं का हाई?" असं तिनं माझ्या साडीबद्दल विचारलं. संध्याकाळी मी शाळेतून आले तेव्हा ती पलंगावर बसलेली होती. मी परत दिलेल्या बांगड्यांतली एक तिनं हातातून काढली होती आणि डाव्या डोळ्यापुढे, हातभर अंतरावर धरून ती भिंतीकडे बघत होती.

"देख," ती म्हणाली. "इतलंच. बांगडीमा जितलं मावस तितलंच. बाहेर काहीच नही."

आणि मग ती रडली. आई गेली तेव्हा मी फार लहान होते, त्यामुळे तेव्हाचं तिचं रडणं मला आठवत नाही. नवऱ्याचं नाव निघालं तरी तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती भिंतीकडे तोंड करून, आवाज न करता, फार वेळ रडली. मोतीबिंदू होता तोवर सगळीकडे सारखंच धुकं होतं. धुकं कुठे संपतं आणि अंधार कुठे सुरू होतो, ते तिला कळत नव्हतं. सगळं धुक्याच्या पलीकडे असेल असं ती धरून चालली होती. आता मधला भाग लख्ख झाला आणि त्याची कड दिसली. डॉक्टरबाईंनी खिडकीचं सांगितलं होतं, तिनं ते ऐकून सही केली होती. पण ऐकणं वेगळं. डोळ्यात औषध होतं, रडू नको असं तिला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. स्वच्छ कापसानं पाणी फक्त गालावरून टिपत राहिले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाई समाधानी होत्या. नस टिकली होती. दाब थेंबांशिवायच खाली राहत होता. "आता एकच," त्या म्हणाल्या. "मिरचीच्या धुळीत जायचं नाही. ही जी नवी वाट केलीय, तिथून डोळ्यात जंतू जाऊ शकतात. धूळ, धूर, हात लावणं, काही नको."

"कधीलोंग?" अक्कानं विचारलं.

"कायमचंच, आजी."

अक्कानं मान हलवली. गोणी भरायला होकार देताना हलवायची तशीच, एकदाच.

पथारीची मुकादमी तिनं तिच्या हाताखालच्या एका बाईला दिली. ती बाई संध्याकाळी घरी जाताना तिच्याकडे येते आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेल्या चार-सहा मिरच्या दाखवते. अक्का पिशवी न उघडता, खिडकीशी नेऊन, मान कमीजास्त वळवून बघते आणि सांगते. दोंडाईच्याच्या घरात तिनं रस्ता मोकळा करून घेतला आहे. वाटेवर पाट नाही, बादली नाही. चालताना ती मान सारखी डावी-उजवी करते. लहान मुलं तिची नक्कल करतात. तिला ते कळतं, पण ती थांबवत नाही.

पथारीवरच्या बायांना तिनं एकेक करून घरी बोलावलं. ओसरीवर बसवून प्रत्येकीला सांगितलं, "येक डोया मिची देख. आते दुसरा." जिला शंका आली तिला तपासायला पाठवलं. डॉक्टरबाईंनी नंतर मला सांगितलं की नुसतं असं बघून पुरत नाही, सुरुवातीचा काचबिंदू त्यात पकडता येत नाही, चाळिशीनंतर दाब आणि नस तपासायलाच हवी, आणि घरात कुणाला असेल तर आधी. असं म्हणून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी एक वर्ष झालं टाळत होते. अक्काला हे कळलं. पुढच्या खेपेला माझ्याबरोबर आली आणि पांढऱ्या टोपल्यात माझं तोंड असताना माझ्या पाठीमागे उभी राहिली.

माझ्या डाव्या डोळ्यात सुरुवात आहे. दिसण्यात अजून काही गेलेलं नाही. रोज झोपताना एक थेंब, आयुष्यभर. मी घालते.

गेल्या महिन्यात अक्काची वर्षाची तपासणी झाली. उजेड चमकत होते आणि तिचा अंगठा मधूनच बटण दाबत होता, पहिल्याइतकाच तुरळक. कागद बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, "गेल्या वर्षी होतं तेवढंच आहे. काही गेलेलं नाही." अक्कानं कागद हातात घेतला, डोळ्यासमोर धरला, आणि त्यातला पांढरा भाग कुठला, काळा कुठला, ते मला विचारून घेतलं. काळा, म्हणजे न दिसणारा, पुष्कळ होता. तिनं कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

दुपारच्या एसटीनं तिला जायचं होतं. राहा म्हटलं तर म्हणाली, घरी काम शे. मी कंडक्टरला सांगून तिला पुढच्या बाकावर बसवलं आणि खाली उतरून तिच्या खिडकीशी उभी राहिले. इंजिन सुरू झालं. मी हात हलवला. ती सरळ पुढेच बघत होती, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. मग माझ्या लक्षात आलं, मी कडेला होते. मी धावत गाडीच्या पुढे गेले आणि मोठ्या काचेसमोर, बरोबर तिच्या समोर उभी राहिले. ड्रायव्हर ओरडला, "ओ बाई, सरका!" अक्कानं मला पाहिलं. हात वर केला. मग मी बाजूला झाले आणि गाडी निघाली.